तीन मिनिटांची संगत: स्विंगच्या सोशलमध्ये नव्या जोडीदारांसोबत कसे नाचावे

सहा-आठ आठवडे लिंडी हॉपचा, म्हणजे स्विंग या जॅझ संगीतावरच्या जोडीनृत्याचा, वर्ग केलेली माणसे पहिल्यांदा सोशलला, म्हणजे सगळ्यांनी मोकळेपणाने नाचण्याच्या मेळाव्याला, येतात आणि बराच वेळ भिंतीशी उभी राहतात. पावले त्यांना येत असतात. अडते ते दुसऱ्याच गोष्टीवर. वर्गात जोडीदार शिक्षक नेमून देतात आणि पुढची हालचाल कोणती हे दोघांनाही आधीच ठाऊक असते. सोशलमध्ये मात्र समोरचा माणूस अनोळखी, गाणे अनोळखी आणि आधी ठरलेले काहीच नाही, तरीही तीन मिनिटे एकमेकांच्या हातात हात देऊन नाचायचे असते. गेली अनेक वर्षे मी लीड (हालचाल सुचवणारा) आणि फॉलो (ती सूचना घेऊन नाचणारा) अशा दोन्ही बाजूंनी नाचत आले आहे. नव्या जोडीदारासोबतचे नृत्य जमते की नाही हे येणाऱ्या हालचालींच्या संख्येवर फारसे अवलंबून नसते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण समोरच्याचे किती ऐकतो यावर पुष्कळ अवलंबून असते, असे माझे पक्के मत झाले आहे. हा लेख त्या ऐकण्याविषयी आणि त्याच्या आगेमागे सांभाळायच्या गोष्टींविषयी आहे.

जोडीदार बदलत राहण्याची रीत या नृत्याच्या मुळातच आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० आणि १४१ व्या रस्त्यांच्या मध्ये, मार्च १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम हे पुढे लिंडी हॉपचे घर ठरलेले नाचगृह सुरू झाले. तेथे दोन बँडसाठी दोन मंच होते, त्यामुळे एक बँड थांबला की दुसरा सुरू होई आणि संगीत खंडित होत नसे. कृष्णवर्णीय आणि गोरे एकाच फ्लोअरवर एकमेकांसोबत नाचू शकतील अशा जागा त्या काळच्या अमेरिकेत दुर्मिळ होत्या, आणि सॅव्हॉय ही त्यांपैकी एक होती. कोणत्या वस्तीतून आलात यापेक्षा नाचता येते का, याला तेथे मोल होते. १९५८ मध्ये हा बॉलरूम बंद झाला. १९८० च्या दशकात स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिकेतील तरुणांनी अल मिन्स, नॉर्मा मिलर, फ्रँकी मॅनिंग अशा जुन्या नर्तकांचा शोध घेतला, तेव्हा मॅनिंग टपाल खात्यात नोकरी करीत होते. त्यांच्याकडून शिकलेल्यांनी हे नृत्य पुन्हा जगभर नेले. म्हणूनच आज स्टॉकहोमची व्यक्ती आणि सोलची व्यक्ती एकमेकांची भाषा न जाणताही एका गाण्यावर सहज नाचू शकतात.

निघण्यापूर्वी

तयारी थोडी आहे, पण ती टाळू नये. बुटाचा तळ थोडासा घसरणारा, म्हणजे चामड्याचा किंवा स्वेडचा असावा. रबराचा तळ जमीन धरून ठेवतो आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. दोन जास्तीचे शर्ट किंवा कुर्ते, छोटा टॉवेल आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी. तासाभरात कपडे घामाने भिजतात, आणि ओल्या पाठीवर हात ठेवावा लागणे कोणालाच आवडत नाही. उग्र अत्तर लावू नये. घड्याळ, मोठ्या अंगठ्या, काचेच्या बांगड्या आणि लोंबणारी कर्णफुले काढून ठेवावीत, कारण हात सुटताना त्यांनीच ओरखडे उठतात.

बहुतेक सोशलच्या सुरुवातीला नवख्यांसाठी अर्ध्या-पाऊण तासाचा वर्ग असतो. पावले येत असली तरी पहिले काही महिने हा वर्ग सोडू नये. त्यात दर दोन मिनिटांनी जोडीदार बदलतात, त्यामुळे सोशल सुरू होण्याआधीच दहा-पंधरा जणांशी हात मिळवून झालेला असतो. नंतर त्यांच्यापैकी कोणालाही नाचण्यासाठी विचारताना संकोच निम्म्यावर येतो.

विचारणे, आणि नाही म्हणणे

सोशलमध्ये कोणीही कोणालाही विचारू शकते. पुरुषानेच विचारावे किंवा पुरुषानेच लीड करावे असा नियम नाही. समोरच्या व्यक्तीच्या नजरेला नजर मिळाली, तिने नजर चुकवली नाही, तर जवळ जाऊन सरळ विचारावे, ‘हे गाणे नाचायचे का?’ त्याच दमात ‘तुम्ही लीड करता की फॉलो?’ हेही विचारून घ्यावे. दुरून चुटकी वाजवणे, पाठीमागून खांद्याला हात लावणे किंवा मनगट धरून फ्लोअरवर ओढत नेणे हे प्रकार ओळखीच्या माणसाशीही करू नयेत. जी व्यक्ती पाणी पीत आहे, बुटांच्या नाड्या बांधत आहे किंवा कोणाशी गंभीरपणे बोलत आहे, तिला तेवढा वेळ द्यावा.

नकार हे पूर्ण उत्तर आहे. ‘आता नको, धन्यवाद’ एवढे पुरते, कारण देणे बंधनकारक नाही. एखाद्याला नाही म्हटल्यावर त्याच गाण्यावर दुसऱ्यासोबत नाचायला जाऊ नये, असा एक जुना संकेत काही ठिकाणी अजून पाळला जातो. तो सौजन्याचा आहे हे मला मान्य आहे, परंतु ज्याच्यासोबत नाचताना आपल्याला अस्वस्थ वाटते त्याला टाळण्यासाठी आपण सगळे गाणेच गमवावे, हे मला योग्य वाटत नाही. आपल्याकडे मोठी अडचण भिडेची असते. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून मनाविरुद्ध होकार दिला जातो आणि मग तीन मिनिटे दोघेही अवघडतात. भिडेखातर होकार देऊ नये. आपल्याला नकार मिळाला तर हसून ‘बरं, पुन्हा केव्हातरी’ म्हणावे आणि त्या संध्याकाळी त्या व्यक्तीला पुन्हा विचारू नये. तिची इच्छा असेल तर ती स्वतः येते.

अनोळखी व्यक्तीला स्पर्श करण्याविषयी आपल्या घरांत वाढलेल्या अनेकांच्या मनात स्वाभाविक संकोच असतो, म्हणून पकड नेमकी कशी असते ते सांगते. जवळच्या पकडीत लीडचा उजवा तळहात फॉलोच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाच्या पातळीवर, पसरलेला आणि स्थिर राहतो, त्याच्या खाली सरकत नाही. फॉलोचा डावा हात लीडच्या उजव्या दंडावर किंवा खांद्यामागे विसावतो, आणि उरलेले दोन हात कमरेच्या उंचीवर सैलसर जुळतात. छातीला छाती लावण्याची गरज लिंडी हॉपमध्ये नाही. ही पकड नकोशी वाटत असेल तर ‘आपण मोकळ्या पकडीत नाचू या’ असे सुरुवातीलाच सांगावे. एका हाताच्या आधारावर अख्खे गाणे उत्तम नाचता येते.

पहिल्या आठ मात्रा

फ्लोअरवर पोहोचताच नाच सुरू करण्याची घाई करू नये. जोडीदारासमोर उभे राहून आधी दोघांनी मिळून ठेका ऐकावा. स्विंगमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, त्यामुळे समेवर टाळी देण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला थोडे चुकल्यासारखे वाटते. तरीही हा ठेका आपल्याला अगदी परका नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि पुढच्या काही वर्षांत या संगीताच्या सहवासात तयार झालेले गोव्याचे अनेक वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकीच एक, आणि सी. रामचंद्रांसारख्या मराठी संगीतकाराच्या चालींतून तो झोका आपल्या घराघरांत पोहोचला. ते संगीत लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाचा पाय दुसऱ्या मात्रेवर आपोआप हलू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

ठेका अंगात आला की गुडघे सैल सोडून जागच्या जागी हलके खाली-वर व्हावे. हा झोका जोडीदाराला हातातून जाणवतो, आणि दोघांचा झोका जुळला की पहिले पाऊल कधी टाकायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. बहुतेक स्विंग गाण्यांत ३२ मात्रांचा एक टप्पा असतो. तो संपून नवा सुरू होतो तेथे पहिले पाऊल पडले, तर ख्यालात समेवर आल्यासारखे समाधान मिळते.

त्यानंतरचे अर्धे मिनिट फक्त साध्या पावलांचे असू द्यावे: जवळच्या पकडीतले सहा मात्रांचे पाऊल, एखादे वळण, मग एक स्विंगआउट (आठ मात्रांत जवळ येऊन पुन्हा दूर जाण्याची हालचाल). या काळात लीड आणि फॉलो दोघांनीही हातातून माहिती घ्यायची असते. जोडीदाराचा झोका मोठा आहे की लहान? त्याचा हात सूचनेला लगेच प्रतिसाद देतो की थोड्या वेळाने? तो मागे किती वजन देतो?

हे वजन देणे म्हणजे काय, ते फुगडी घातलेल्या माणसाला समजावण्याची गरज नसते. फुगडीत दोघी हातांची अढी घालतात, पाय जवळ ठेवतात आणि मागे रेलतात. एकीने जास्त ओढले तर दुसरी तोल जाऊन पुढे येते, एकीने हात ढिला सोडला तर दोघीही पडतात. वजनदार मैत्रिणीसोबत आपण अधिक रेलतो आणि लहान मुलीसोबत फुगडी घालताना तिला झेपेल इतकेच रेलतो, आणि हे सगळे गिरकीच्या पहिल्या दोन पावलांत कोणी न शिकवता ठरते. स्विंगआउट अगदी याच तत्त्वावर चालतो. पहिल्या दोन मात्रांत फॉलो पुढे येते, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला दोघे जवळ येऊन एकमेकांभोवती फिरू लागतात, पाचव्या-सहाव्या मात्रेला ती मोकळी होऊन दूर जाते आणि सातव्या-आठव्या मात्रेला हात ताणला जाऊन दोघांचे वजन एकमेकांवर तोलले जाते. हा ताण पाठीतून आणि पायातून यावा. दंड आखडून किंवा मनगट आवळून आलेला ताण ही निव्वळ ओढाताण असते. त्यासाठी बोटे हुकासारखी वळवून जोडीदाराच्या बोटांत अडकवावीत आणि अंगठा मोकळा ठेवावा. अंगठ्याने दाबून धरलेल्या हाताला वळायला जागा राहत नाही, आणि बहुतेक दुखापती तेथेच होतात.

प्रत्येक जोडीदार वेगळा

नवख्या जोडीदारासोबत नाचताना लीडने चार-पाच हालचालींवर थांबावे आणि त्याच पुन्हा पुन्हा कराव्यात. तिसऱ्या वेळी तीच हालचाल ओळखू आली की नवख्याच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा येतो, त्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही. एखादी हालचाल फसली तर ती अधिक जोराने करून पाहू नये. एकदा सावकाश करावी, तरी जमली नाही तर सोडून द्यावी. फॉलोने नवख्या लीडसोबत स्वतःची लय पक्की ठेवावी आणि सूचना येईपर्यंत वाट पाहावी. त्याच्या मनातले ओळखून आधीच वळणे हा उपकार वाटतो, पण त्यामुळे आपली सूचना पोहोचली की नाही हे त्याला कधीच कळत नाही.

नाचताना शिकवू नये. हा नियम मी काटेकोरपणे पाळते. ‘तुझा हात वर हवा’, ‘आता मागे जा’ असे ऐकलेली व्यक्ती उरलेले गाणे स्वतःकडे पाहत नाचते आणि पुढच्या आठवड्यात येईनाशी होते. कोणी आपण होऊन विचारले तर गाणे संपल्यावर, फ्लोअरच्या बाहेर, एखादी गोष्ट सांगावी. दुखापतीची शक्यता असेल तर मात्र लगेच बोलावे.

अनुभवी जोडीदारासोबत नाचताना उलटी चूक होते. आपल्याला येणारे सगळे दाखवून टाकण्याची धडपड सुरू होते, किंवा दर चुकीला ‘सॉरी’ म्हटले जाते. अनुभवी नर्तकाला नीट लयीत टाकलेले साधे पाऊल आवडते, कारण त्यात त्याला भर घालायला जागा मिळते. आपण चुकलो तर हसावे आणि पुढच्या मात्रेवर पाऊल धरावे.

वयाने मोठ्या किंवा दुखऱ्या सांध्यांच्या व्यक्तीला सुरुवातीलाच विचारावे, ‘गुडघा, खांदा काही जपायचे आहे का?’ हा प्रश्न कोणालाही विचारायला हरकत नाही. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एका सोशलमध्ये माझ्यासोबत नाचले, ते मला अजून आठवते. गाणे वेगवान होते. त्यांनी निम्म्या वेगाने, दर दोन मात्रांना एक पाऊल टाकत नाच सुरू केला. जमिनीपासून त्यांचा पाय दोन बोटेसुद्धा उचलला जात नव्हता आणि हालचाली अवघ्या चार. परंतु ट्रम्पेट क्षणभर थांबला की तेही थांबत, माझ्या हातातले त्यांचे बोट किंचित वर होई, आणि ट्रम्पेट परतताच ते बोट खाली येऊन आम्ही निघत असू. गाणे ते इतके नीट ऐकत होते की मला पुढची मात्रा त्यांच्या बोटातून कळत होती.

उंचीत फरक असेल तर हात डोक्यावरून नेण्याच्या वळणांचा विचार करावा लागतो. उंच लीडने हात फॉलोच्या डोक्यापेक्षा चार बोटेच वर न्यावा. सरळ छताकडे उचललेला हात तिचा खांदा उपटतो. बुटक्या लीडने उंच फॉलोसोबत अशी वळणे कमी करावीत आणि बाजूने जागा बदलण्याच्या हालचाली अधिक कराव्यात. साल्सा किंवा अन्य शैलीतून आलेल्यांची पकड वेगळी असते, त्यांच्यासोबत दोघांना समान असलेले शोधत जावे.

आडदांड जोडीदाराचा प्रश्न स्पष्टपणे बोलण्याजोगा आहे. हात झटकणे, न विचारता पाठीवर वाकवणे, नको तेथे हात जाणे यांपैकी काहीही घडले तर ‘जरा हलक्या हाताने’ किंवा ‘हात वर ठेवा’ असे त्याच क्षणी सांगावे. फरक पडला नाही तर हात सोडून एकट्याने पावले टाकावीत, कारण स्विंगमध्ये हे चालते. किंवा ‘धन्यवाद, मी थांबते’ म्हणून गाणे अर्ध्यावर सोडून बाहेर यावे. अनेक सोशलमध्ये अशा तक्रारीसाठी आयोजकांपैकी कोणाला तरी नेमलेले असते, त्यांना जरूर सांगावे. आपल्यानंतर तोच माणूस एखाद्या नवख्या मुलीला विचारणार असतो.

उचलून फेकण्याच्या कसरतींविषयीही हेच. फ्रँकी मॅनिंग आणि फ्रीडा वॉशिंग्टन यांनी १९३५ मध्ये लिंडी हॉपमधली पहिली अशी कसरत केली ती सॅव्हॉयच्या स्पर्धेत, ठरवून आणि आधी भरपूर सराव करून. सोशलच्या गर्दीत, ज्याच्याशी सराव झालेला नाही अशा जोडीदाराला जमिनीवरून उचलू नये.

फ्लोअरवरचे भान

फॉलोला आपण जेथे पाठवणार, ती जागा रिकामी आहे ना हे लीडने आधी पाहावे. फॉलोला लीडच्या पाठीमागचे दिसते, तेव्हा कोणी धडकणार असे दिसल्यास तिने खांद्यावरचा हात दाबून त्याला थांबवावे. धक्का लागलाच तर चूक कोणाची हे न पाहता दोन्ही जोड्यांनी थांबून विचारपूस करावी. गर्दी वाढली की पावले लहान करावीत. भरलेला पेला घेऊन फ्लोअर ओलांडू नये, कारण सांडलेल्या पाण्यावर पुढची जोडी घसरते.

मध्येच दोन प्रसंग येतात, ते माहीत असावेत. ‘स्नोबॉल’ पुकारला की एक जोडी मधोमध नाचू लागते, आणि प्रत्येक इशाऱ्याला नाचणारा प्रत्येक जण नवा जोडीदार आणतो, असे करत सगळा हॉल नाचू लागतो. वाढदिवस असलेल्या व्यक्तीभोवती कडे होते तेव्हा एकामागून एक जण पुढे येऊन तिचा हात हातात घेतो आणि नाच न थांबता जोडीदार बदलत राहतो. येथे आठ-दहा मात्रांत जुळवून घ्यावे लागते, त्यामुळे संकोची माणसासाठी हा उत्तम सराव आहे.

गाणे संपताना, आणि संध्याकाळभर

जुन्या स्विंग गाण्यांची लांबी तीन मिनिटांच्या आसपास असते, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. प्रत्यक्ष बँड वाजत असेल तर एकेकाची एकल वादने होतात आणि गाणे लांबते. शेवट जवळ आला की साध्या पावलांवर परतावे आणि दोघेही तोल सांभाळून थांबतील असे पाहावे. मग नाव विचारावे, मनापासून धन्यवाद द्यावेत आणि फ्लोअरच्या कडेपर्यंत सोबत जावे. काही शहरांत एका जोडीदारासोबत सलग दोन गाणी नाचण्याची पद्धत आहे, काही ठिकाणी एकच. इतर काय करतात ते पाहून ठरवावे, शंका असेल तर एका गाण्यानंतर थांबावे.

तीन तासांच्या सोशलमध्ये पन्नासएक गाणी वाजतात. त्यांपैकी पंधरा-वीस नाचलात तरी संध्याकाळ भरगच्च होते. मिनिटाला १२० ते १५० मात्रांची गाणी नव्या जोडीदारासोबत सोयीची पडतात. २०० च्या पुढची गाणी ओळखीच्या जोडीदारासाठी किंवा बसून ऐकण्यासाठी ठेवावीत. मी दर सोशलला ठरवून एका नवख्याला, एका अगदी अनोळखी व्यक्तीला आणि ज्याच्याकडून शिकावेसे वाटते अशा एकाला विचारते. बराच वेळ बसून असलेले कोणी दिसले तर त्यांच्याकडे आधी जाते, कारण पहिल्या सोशलला मीही तशीच बसले होते आणि मला ज्या बाईंनी विचारले त्यांचा हिरवा रुमाल मला आजही डोळ्यांसमोर दिसतो.

शेवटचे गाणे बहुधा संथ असते आणि डीजे ते जाहीर करतो. त्यासाठी जोडीदार मिळाला नाही तर कडेला उभे राहून ऐकावे. घरी परतताना, बसमध्ये किंवा लोकलमध्ये, त्या संध्याकाळी भेटलेल्यांची नावे आणि प्रत्येकासोबत काय जमले ते दोन शब्दांत लिहून ठेवावे: कोणाचा डावा खांदा दुखतो, कोणाला संथ गाणी आवडतात, कोणासोबत स्विंगआउट पहिल्याच वेळी जुळला. पुढच्या सोशलला त्यांना नावाने हाक मारून विचारता येते.